पहिला फ्लाय रॉड: तयार कॉम्बो की सुटी जुळवाजुळव?

नऊ फुटी फाइव्ह वेट (म्हणजे पाच नंबर वजनाच्या लाइनसाठीचा), चार तुकड्यांचा. पहिल्या फ्लाय रॉडच्या, म्हणजे नकली माशी (फ्लाय) फेकून मासे धरायच्या रॉडच्या, बाबतीत इथपर्यंत फारसा वाद होत नाही आणि होऊही नये. हिमाचलातली तीर्थन नदी, बरोटची उहल, काश्मीरमधली लिद्दर, कुठेही ट्राउट माशाच्या मागे जायचं असेल तर हे माप चालतं, आणि घराजवळच्या धरणावर चिलापीसाठीही चालतं. घोळ त्यापुढे सुरू होतो. रॉड, रीळ, लाइन, लीडर (लाइनच्या टोकाला बांधायचा निमुळता तंगूस) असं सगळं एकाच पिशवीत जुळवून आलेला कॉम्बो घ्यावा, की तेवढ्याच पैशांत सगळ्या वस्तू सुट्या घेऊन घरी बांधाव्यात?

महाशीरसाठी विचारत असाल तर हा मजकूर तुमच्यासाठी नाही. तिथे एट वेट लागतो, आणि एकाच रॉडमध्ये दोन्ही भागवायला गेलं की दोन्हीकडे पंचाईत होते.

तुलना सारख्या पैशांत व्हायला हवी, म्हणून २०० डॉलर धरू, म्हणजे डॉलर ८५ रुपयांना धरला तर १७ हजार रुपये. डॉलर अशासाठी, की आपल्याकडे हे सामान अजूनही बहुतेक वेळा कुणाच्या तरी बॅगेतून येतं. न्यू जर्सीचा मावसभाऊ, नाहीतर दिवाळीला येणारी लेक. चार तुकड्यांच्या रॉडची नळी अडीच फुटांच्या आसपास असते आणि मोठ्या सूटकेसमध्ये तिरकी बसते. स्वस्त मिळतो म्हणून कुणी दोन तुकड्यांचा रॉड सुचवला तर तिथेच नको म्हणा. साडेचार फुटांची नळी विमानतळावरून आणायला नातेवाईक एकदाच तयार होतात.

२०० डॉलरच्या कॉम्बोमध्ये ग्रॅफाइटचा रॉड, बहुधा साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचं रीळ, त्यावर आधीच गुंडाळलेली बॅकिंग (लाइनच्या खालचा साधा दोरा) आणि लाइन, टोकाला लीडर, आणि रीळ न काढता सगळं मावेल अशी कव्हरची नळी येते. सुटं घ्यायचं तर हिशोब साधारण असा बसतो: रॉडला ९० ते १००, रिळाला ४० ते ४५, लाइनला ४० ते ५०, आणि उरलेल्यात बॅकिंग व दोन लीडर. कव्हर रॉडबरोबर आलं तर आलं, नाहीतर रिळासाठी घरातला जाड मोजा चालतो.

रॉडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. या किमतीत कॉम्बोतला रॉड आणि सुटा रॉड यांत हाताला मोठा फरक जाणवेल असं मला वाटत नाही. तपासायच्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. तुकडे जोडताना पाव वळसा फिरवून बसवा आणि गाइड (लाइन ओवायच्या कड्या) एका रेषेत येतात का पाहा. सांध्याच्या आतल्या टोकावर साधी मेणबत्ती हलकेच घासली की सांधा सैल पडत नाही. कास्ट करताना, म्हणजे लाइन फेकताना, सांध्यातून ‘टिक’ असा आवाज आला तर तिथेच थांबून तो पुन्हा घट्ट करा. नवशिक्यांचे रॉड मासा ओढून क्वचितच मोडतात. ते अशा सैल झालेल्या सांध्यावर मोडतात, गाडीच्या दारात मोडतात, किंवा अडकलेला गळ सोडवताना रॉड कमानीसारखा वाकवला की मोडतात. गळ अडकला तर रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरायचा आणि हाताने लाइन ओढायची.

गाइडमधून कापसाचा बोळा फिरवून पाहा. तंतू अडकले तर तिथे खरखर आहे, आणि ती खरखर लाइनचं वरचं आवरण खाते. बुचाच्या मुठीत भरलेली लांबी (पुट्टी) सहा महिन्यांत उडून खड्डे पडतात. दिसायला वाईट, पण कामात काही अडत नाही.

रिळात मात्र थोडं पाहण्यासारखं आहे. तीर्थनसारख्या नदीत नवशिक्याला मिळणारा ट्राउट बहुधा हातभरही नसतो, त्यामुळे ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, किती ताकदवान या चर्चेला इथे अर्थ नाही. साधं टिकटिक करणारं रीळही पुरतं, आणि असा मासा तसाही हातानेच लाइन ओढून आणला जातो. पाहायचं ते लाइन गुंडाळायची चकती आणि तिच्याभोवतीची चौकट यांच्यामधल्या फटीकडे. लीडरच्या बारीक टोकाचा, म्हणजे फोर एक्सचा (सात हजारांश इंच जाडीचा) तुकडा त्या फटीत सरकवून पाहा. सहज आत गेला तर नदीवर तो आपणहून जाईल, आसाभोवती गुंडाळला जाईल, आणि चकती काढून चिमट्याने तंगूस सोडवत बसावं लागेल. हा दोष कॉम्बोच्या रिळात जास्त दिसतो, पण ४० डॉलरचं सुटं रीळही यातून सुटलेलं नाही. रीळ दुकानात हाताळायला मिळत असेल तर ही एक तपासणी करूनच घ्या.

आणखी एक बारकी गोष्ट. कॉम्बोचं रीळ बहुतेक वेळा डाव्या हाताने फिरवण्यासाठी बांधून येतं. उजव्या हाताने रॉड धरणाऱ्याला हेच सोयीचं. पण डावखुऱ्या माणसाला सगळी लाइन आणि बॅकिंग उतरवून, आतलं एका दिशेने फिरणारं बेअरिंग उलटं बसवून, पुन्हा गुंडाळावं लागतं. म्हणजे ‘उघडा आणि वापरा’ ही कॉम्बोची मुख्य सोय डावखुऱ्यांना मिळतच नाही.

आता लाइन. माझ्या मते निवड इथेच होते.

स्वस्त कॉम्बोच्या लाइनची तक्रार ही, की ती सरळ होत नाही. रिळावरून काढली की पाण्यावर स्प्रिंगसारखी पडते. कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्लाय लाइनच्या आत विणलेला धागा असतो आणि वर प्लास्टिकचं, बहुतेक पीव्हीसीचं, आवरण. हे आवरण ज्या वळणात बराच काळ राहतं ते वळण धरून बसतं. कॉम्बो कारखान्यात गुंडाळला जातो, मग महिनोन्‌महिने गोदामात, बोटीत, दुकानात पडून असतो. त्यात रिळाचा गाभा बारीक, आणि खर्च वाचवण्यासाठी बॅकिंग बेताची. म्हणजे लाइनचा आतला भाग बांगडीहून लहान वेटोळ्यात वर्षभर बसलेला. भर म्हणून हिमालयातलं पाणी. बर्फ वितळून आलेल्या थंडगार पाण्यात आवरण आणखी कडक होतं आणि धरलेलं वळण पक्कं होतं.

याचा त्रास केवळ दिसण्यापुरता असता तर मी एवढं लांबवलं नसतं. वेटोळी गाइडवर आपटत बाहेर पडतात, त्यामुळे लाइन निघावी तितकी निघत नाही आणि फ्लाय खडकाच्या दोन फूट अलीकडे पडते. पाण्यावर पडलेली लाइन पुन्हा आक्रसते आणि फ्लायला मागे खेचते. प्रवाहाच्या वेगाने वाहत जाणारी फ्लाय आणि मागून कुणीतरी हिसका देत असलेली फ्लाय, हा फरक ट्राउटला लगेच कळतो. त्यातूनही माशाने फ्लाय घेतली, तर रॉड उचलल्यावर आधी ही वेटोळी सरळ होतात आणि मग गळाला ओढ बसते. तोवर माशाने फ्लाय थुंकलेली असते. नवशिक्याला यातलं काही दिसत नाही. त्याला वाटतं आपला हात वाईट आहे, वेळ चुकते आहे, आणि तो मनगट सुधारत बसतो. चूक नेमकी कुठे आहे हे न कळणं, हा या लाइनचा खरा तोटा.

उपाय नाहीत असं नाही. लाइन दाराच्या मुठीला किंवा झाडाला अडकवून वीस-पंचवीस फुटांचा टप्पा घ्या, दोन्ही हातांनी संथ ताण द्या, दहा सेकंद धरा, सोडा. मग पुढचा टप्पा. आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवली तर काम सोपं होतं. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच, उकळतं पाणी आवरण बिघडवतं. चांगली लाइन एवढ्यावर दिवसभर सरळ राहते. स्वस्त कॉम्बोची लाइन गार पाण्यात तासाभरात पूर्वपदावर येते. हे काही प्रयोगशाळेचं माप नाही, पण हातात लाइन धरलेल्याला शंका राहू नये इतका फरक आहे.

विकत घेण्याआधी पाहायचं असेल तर रिळावरून तीन-चार हात लाइन काढा आणि खाली लोंबू द्या. परातीएवढ्या सैल कमानी दिसल्या तर ठीक. बांगड्या दिसल्या तर त्या बांगड्या तुमच्याबरोबर हिमाचललाही येणार.

लाइनची दुसरी अडचण वजनाची. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. फाइव्ह वेटसाठी १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमहून किंचित जास्त. सहा ग्रेन इकडेतिकडे चालतात, म्हणजे ८.७ ते ९.५ ग्रॅमच्या मध्ये. ज्या कॉम्बोच्या खोक्यावर लाइनचं नाव नसतं, फक्त ‘फ्लोटिंग लाइन’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथे हे वजन पाळलं असेलच असं गृहीत धरू नका. शंका असेल तर ओळखीच्या सराफाकडे जा. टोकाची अगदी बारीक सरळ लांबी सोडून पुढचे ९.१४ मीटर गुंडाळून काट्यावर ठेवा. उरलेली लाइन बाजूला काट्याच्याच उंचीवर टेकलेली असू द्या, लोंबली तर वजन चुकतं. सराफ हसेल, पण आकडा खरा मिळेल.

वजनाला इतकं महत्त्व आपल्याकडच्या नद्यांमुळे आहे. तीर्थन किंवा उहलमध्ये खडकांमागच्या लहान डोहांत गरवायचं असतं, आणि कास्ट बहुतेक वेळा १५ ते ३० फुटांचा. रॉडचा नंबर मात्र ३० फूट लाइन बाहेर आहे असं धरून दिलेला असतो. तुम्ही १८ फूट लाइन काढलीत तर रॉडच्या वाट्याला निम्म्याच्या आसपास वजन येतं, कारण लाइनचं पुढचं टोक निमुळतं असतं. त्यात लाइन मुळातच हलकी आणि रॉड कडक, तर रॉड वाकतच नाही. हातात वेताची छडी धरल्यासारखं वाटतं, आणि माणूस जोर लावायला लागतो. जोर लावला की लाइनचा हवेतला लूप मोडतो. सुटी लाइन घेताना इथे उपाय हातात असतो. अर्धा नंबर जड बनवलेली फाइव्ह वेट लाइन घ्यायची. अशा लाइन मुद्दाम बनवतात आणि खोक्यावर ग्रेनमध्ये वजन छापलेलं असतं. १५० ग्रेनच्या आसपासचा आकडा पाहा. कॉम्बोमध्ये ही निवड तुमच्याकडे नसते.

नावं सांगायची तर रिओची मेनस्ट्रीम, सायंटिफिक अँग्लर्सची एअर सेल, कॉर्टलँडची ३३३. तिन्ही आपापल्या घरातल्या स्वस्त लाइन आहेत. यातली कुठलीही खरेदी चुकणार नाही. डब्यावर डब्ल्यूएफ-फाइव्ह-एफ (पुढून जड, फाइव्ह वेट, तरंगणारी) हे पाहायचं. लाइन ट्राउटसाठीची घ्या, उष्ण समुद्रासाठीची नको. ती थंड पाण्यात तारेसारखी होते. उलट ट्राउटची लाइन मे महिन्यात उजनीच्या काठावर मऊ आणि थोडी चिकट पडते, पण चिलापीला त्याचं काही नाही.

सुट्या वस्तूंना लोक घाबरतात ते गाठींमुळे. प्रत्यक्षात काम तासाभराचं आहे. २० पौंडी डेक्रॉनची बॅकिंग रिळाच्या गाभ्याला आर्बर नॉटने बांधायची आणि बोटांत धरून ताणत, थर सारखे बसवत गुंडाळायची. ५० ते ७५ यार्ड पुरे. ट्राउट बॅकिंगपर्यंत धावत नाही. बॅकिंगचं खरं काम गाभा जाड करणं हे आहे, म्हणजे वरच्या लाइनची वेटोळी मोठी बसतात. मग लाइन. तिच्या एका टोकाला ‘हे टोक रिळाकडे’ अशी चिठ्ठी असते आणि ती फेकून देणं ही नेहमीची चूक. उलटी गुंडाळली तर जड भाग रिळात आणि बारीक शेपूट रॉडवर, आणि कास्ट कसा तो होतच नाही. लाइनच्या मूळ चकतीतून पेन्सिल घालून कुणाला तरी धरायला सांगा, म्हणजे चकती फिरत लाइन उलगडेल. चकती आडवी ठेवून बाजूने ओढली तर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो. रीळ भरलं की काठाशी तीन-चार मिलिमीटर जागा राहायला हवी. गुंडाळी जास्त झाली तर लाइन चौकटीला घासते, म्हणजे सगळं उतरवून थोडी बॅकिंग कापा. हल्लीच्या बहुतेक लाइनच्या पुढच्या टोकाला तयार फासा असतो, त्यात लीडरचा फासा अडकला की झालं. नेल नॉटची वेळ आली तर बॅकिंग आणि लाइनच्या जोडावर येईल, आणि तो जोड तुम्हाला वर्षभर दिसणारसुद्धा नाही.

लीडर सुरुवातीला साडेसात फुटी, फोर एक्स. फ्लायच्या नंबराला तीनने भागा, जवळपासचा एक्स मिळतो. बारा नंबरच्या फ्लायला फोर एक्स, सोळाला फाइव्ह एक्स.

कॉम्बोच्या बाजूने बोलायला हवंच, कारण सगळे कॉम्बो एका माळेचे मणी नाहीत. रेडिंग्टनच्या कॉम्बोवर रिओची लाइन येते आणि तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. ऑर्व्हिस, एको, टीएफओ यांचे सुरुवातीचे कॉम्बो १५० ते २५० डॉलरच्या घरात मिळतात, आणि शंभराच्या आतल्या बेनामी पेट्यांपेक्षा ते नक्कीच वरचे. लाइनचं नाव सांगणारा कॉम्बो मिळत असेल आणि आणणाऱ्या नातेवाइकाला तीन दुकानं फिरवायची नसतील, तर तो घ्या. निवड वाईट नाही. वॉरंटीच्या बाबतीतही एकाच कंपनीशी बोलावं लागतं. फक्त हे लक्षात ठेवा, की ती बहुधा मूळ खरेदीदाराच्या नावावर असते आणि मोडलेला तुकडा पाठवण्याचा खर्च आपला. भारतातून तो खर्च अर्ध्या रॉडइतका होऊ शकतो, म्हणून पावती भावाच्या नावाने आणि मोडका तुकडाही त्याच्याच बॅगेतून, हाच मार्ग बरा.

शंभर डॉलरच्या आतल्या पेट्या, ज्यांत डझनभर फ्लाय, दोन डब्या, कात्री आणि चिमटाही येतो, त्यांच्याबद्दल एकच सांगतो. त्या फ्लायच्या गळांची टोकं नखावर टेकवून पाहा. नखावर घसरत असतील तर माशाच्या जबड्यावरही घसरतील.

सारख्याच पैशांत, डावखुरे नसलात तरीही, माझं माप सुट्या वस्तूंकडे झुकतं, आणि त्यातही ९० डॉलरचा रॉड ७० वर आणून लाइनला २० जास्त देण्याकडे. रॉड थोडा मऊ मिळाला तर उलट बरं, जवळच्या कास्टला तो लवकर वाकतो. दुसऱ्या कुणाला हे पटणार नाही, विशेषतः ज्यांना मोठ्या तलावावर साठ फूट फेकायचं आहे त्यांना. त्यांची नदी वेगळी आहे.

कॉम्बो आधीच घेऊन बसला असाल तर काही बिघडलेलं नाही. रॉड ठेवा, रीळ ठेवा, फक्त लाइन बदला. जुनी लाइन फेकू नका. तिचे पुढचे ४० फूट कापून सरावासाठी ठेवा, टोकाला फ्लायऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधा आणि मैदानावर गवतात फेका. गच्चीवर नको. कोब्याच्या खरखरीत सिमेंटवर चार संध्याकाळी लाइनचं आवरण सोलून काढतात. नवी लाइन महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, आणि डास पळवणाऱ्या मलमाचा हात तिला लावू नका. त्यातलं डीट प्लास्टिक विरघळवतं. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद असतो आणि जुलै-ऑगस्टला पाणी गढूळ, तेव्हा मार्चमध्ये निघणार असाल तर मत्स्यविभागाच्या परवान्याची चौकशी आणि लाइनची ऑर्डर दोन्ही जानेवारीतच करून ठेवा.